भरडा खाऊन वाचलेली गाय आणि तिच्या पोटातली वस्ती

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या गोठेवाल्यांनाही धागा लागेल. येवला तालुक्यात तुमच्या चार संकरित गायी. त्यातली एक तिसऱ्या वेताची, विऊन दोन महिने झालेली, दिवसाला १८ लिटर देणारी. पोळ्याच्या धामधुमीत रात्री तिचं दावं सुटलं आणि तिने मक्याच्या भरड्याचं पोतं फोडलं. तुमच्या अंदाजाने आठ-दहा किलो तरी पोटात गेला. सकाळी पोट तट्ट, रवंथ बंद, दुपारपर्यंत आंबट वासाची पातळ हगवण आणि गाय बसलेली. तुमच्या डॉक्टरांनी सलाईन, सोडा, इंजेक्शनं देऊन तिला उभी केली. आज बारावा दिवस. गाय खाते, पाणी पिते, पण दूध १० लिटरवर अडकलंय, फॅट ३.६ वरून २.९ वर आलीय, रवंथ कमी, शेण एक दिवस पातळ तर एक दिवस घट्ट. मधे एका दुकानदाराच्या सांगण्यावरून तुम्ही तीन दिवस जुलाब थांबवायच्या अँटिबायोटिक गोळ्याही दिल्या. आता एक जण म्हणतो अँटिबायोटिकने पोटातले चांगले जंतू मेले, दुसरा म्हणतो ताक पाजा, तिसऱ्याने प्रोबायोटिकची महागडी पावडर दाखवलीय. कोणाचं ऐकू, आणि हे पोटातले जंतू नेमकं करतात काय, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशिक जिल्ह्यात २६ वर्षं जनावरांवर उपचार करतोय. पोळ्यानंतरचा आठवडा माझा दरवर्षी असाच जातो. बैलाला पुरणपोळी, गायीला खीर, वर भिजवलेली बाजरी. वर्षभर राबणाऱ्या जनावराला गोडाधोडाचं द्यावंसं वाटतं, आणि मीही माझ्या घरच्या जनावरांना घास देतो. घास दिल्याने काही होत नाही, घमेलं दिल्याने होतं. तुमची गाय तर स्वतःच पोत्यापर्यंत पोचली, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न पावडरीचा दिसतो, पण अडचण तिच्या अलीकडची आहे. त्या रात्री गायीच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या आणि सगळ्यात मोठ्या कप्प्यात, दोन गोष्टी बिघडल्या. तिथल्या सूक्ष्मजीवांची वस्ती उलटीपालटी झाली, आणि ज्या अस्तरातून अन्न रक्तात जातं ते अस्तर आम्लाने भाजलं. जीव वाचला तेव्हा या दोन्हींची दुरुस्ती अर्धीच झाली होती. ती पूर्ण व्हायला किती दिवस लागतील आणि त्या दिवसांत तुम्ही गव्हाणीत काय टाकाल, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आधी हे जंतू करतात काय ते सांगतो, कारण ते कळलं की चाऱ्याचं गणित तुमचं तुम्हालाच सुटेल.

गायीच्या स्वतःच्या शरीरात कडब्याचा तंतू तोडणारा एकही पाचकरस तयार होत नाही. आपल्यातही नाही. कडबा, उसाचं वाढं, भाताचा पेंढा हे सगळं पचवतात ते कोठीपोटात राहणारे जीव. संकरित गायीचं कोठीपोट १०० ते १५० लिटरचं असतं, म्हणजे पाण्याची मोठी टाकीच. आतलं तापमान ३९ अंशांच्या आसपास, हवा जवळजवळ नाही, आणि सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ६ ते ७. या टाकीतल्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या वर जिवाणू असतात. त्यांच्या जोडीला एकपेशीय प्राणी असतात, मिलिलिटरला काही लाख, आणि तंतूच्या काडीत घुसून तिला सैल करणाऱ्या बुरशाही असतात. १८४३ साली फ्रान्समध्ये ग्रुबी आणि डेलाफोंड या दोघांनी हे एकपेशीय प्राणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोंदवले. जिवाणूंचं कोडं उलगडायला मात्र आणखी शंभर वर्षं गेली, कारण हवा लागली की ते मरतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट हंगेट यांनी हवेशिवाय ते वाढवायची पद्धत बसवली, तेव्हा कुठे कोण काय खातं हे समजायला लागलं. हवेची ही गोष्ट लक्षात ठेवा, पावडरीकडे येताना लागेल.

हे जीव चारा आंबवतात. त्यातून तीन मुख्य आम्लं निघतात: अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. ही आम्लं कोठीपोटाच्या अस्तरातून थेट रक्तात जातात आणि गायीला लागणाऱ्या शक्तीचा साधारण दोन तृतीयांश भाग त्यांतूनच मिळतो. अ‍ॅसिटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधलंच. दुधातल्या फॅटचा मोठा भाग त्यावर बनतो आणि ते निघतं तंतूमधून. प्रोपिऑनिक जास्त निघतं दाण्यातून, त्याची साखर होते आणि त्यावर दुधाचे लिटर वाढतात. आता तुमची डेअरीची पावती काढून बघा. फॅट २.९ याचा अर्थ तंतू तोडणारे जिवाणू अजून सावरलेले नाहीत, किंवा त्यांना तोडायला पुरेसा तंतूच मिळत नाही. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (दुधातल्या फॅट सोडून बाकीच्या घन पदार्थांच्या) खाली दर कापला जातो तेव्हा आपण डेअरीला बोल लावतो, पण ती पावती गायीच्या पोटाचा रोजचा रिपोर्टही असते.

शिवाय हे जिवाणू वाढतात, मरतात, चाऱ्याबरोबर पुढे खऱ्या पोटात, म्हणजे चौथ्या कप्प्यात, वाहून जातात आणि तिथे गाय त्यांनाच पचवते. तिच्या आतड्यात पोचणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक बहुतेक वेळा या मेलेल्या जिवाणूंचीच असतात. म्हणून तर कडब्यासारख्या निकस चाऱ्यावर जनावर तग धरतं. ब गटातली जीवनसत्त्वंही तेच बनवतात. त्यातल्या बी-१२ साठी त्यांना कोबाल्ट लागतं, म्हणून खनिज मिश्रण चुकवू नका असं आम्ही सारखं सांगत असतो. गव्हाणीत तुम्ही टाकता ते पहिल्यांदा या वस्तीच्या तोंडी पडतं, गायीच्या वाट्याला त्यांचं उरलेलं येतं.

आता त्या रात्री काय झालं? मक्याचा भरडा म्हणजे दळलेला, उघडा स्टार्च. आठ-दहा किलो एकदम आला की स्टार्चवर जगणारे जिवाणू तासातासाला दुप्पट व्हायला लागतात. त्यांत स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस नावाचा एक आहे, एरवी थोडाच असतो. तो सामू उतरवत नेतो आणि लॅक्टिक आम्ल सोडतो. हे आम्ल आधीच्या तिघांपेक्षा कितीतरी तीव्र. सामू ५.५ च्या खाली गेला की तंतू तोडणारे जिवाणू आणि एकपेशीय प्राणी मरायला लागतात. ५ च्या जवळ गेला की स्ट्रेप्टोकॉकसही मागे पडतो आणि लॅक्टोबॅसिलस ती जागा घेतात, तेही लॅक्टिकच सोडतात. कोठीपोटात आम्ल साचलं की अंगातलं पाणी तिकडे ओढलं जातं. म्हणून पोट पाण्याने डचमळतं, डोळे खोल जातात, गाय बसते. तुमच्या डॉक्टरांनी सलाईन आणि सोडा दिला तो यासाठी, आणि वेळेत दिला.

त्यांनी टोचलेल्या अँटिबायोटिकवर खापर फोडू नका. शिरेतून किंवा मांसात दिलेलं औषध कोठीपोटात फारसं पोचत नाही. ते द्यावं लागतं, कारण भाजलेल्या अस्तरातून जंतू रक्तात शिरतात आणि यकृतात जाऊन गळू करतात. तोंडाने दिलेल्या गोळ्यांचं मात्र वेगळं आहे. त्या थेट टाकीत पडतात आणि समोर येईल तो जिवाणू मारतात, कामाचा आणि बिनकामाचा असा भेद करत नाहीत. हगवण थांबावी म्हणून तुम्ही त्या दिल्या हे समजतं, शेण पातळ दिसलं की कोणाचाही जीव खालीवर होतो. पण तुमच्या गायीची हगवण जंतूंच्या लागणीची नव्हती, आम्लाची होती. नुकती सावरायला लागलेली वस्ती त्या तीन दिवसांत पुन्हा मागे गेली असणार. मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावराला तोंडाने अँटिबायोटिक द्यायचं असेल तर डॉक्टरांनी बघून सांगितल्याशिवाय नाही, हा नियम माझ्या भागातल्या प्रत्येक गोठ्यात मी पाठ करून घेतलाय. गोळ्यांच्या वेष्टनावर दूध किती दिवस डेअरीला घालू नये तेही लिहिलेलं असतं. तेवढे दिवस झाले नसतील तर आजपासून तिचं दूध वेगळं काढा.

इथे काही गोष्टी मला दुरून सांगता येणार नाहीत, त्या गायीजवळ उभं राहूनच कळतात. भाजलेलं अस्तर किती खोल भाजलंय? वरवरचं असेल तर चार ते सहा आठवड्यांत नवं येतं. खोल असेल तर डाग राहतो आणि गाय या वेतात पूर्ण दुधावर येत नाही. यकृतात गळू झालं असेल तर बारीक ताप येत-जात राहतो आणि गाय हळूहळू उतरते. खुरांचंही तसंच, आम्लाचा परिणाम खुरांवर दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. चालताना पाय जपून टाकतेय का, उभं राहताना सारखं वजन बदलतेय का, हे पाहत राहा. विऊन दोन महिने झालेली गाय एरवीही अंगावरची चरबी जाळून दूध देत असते, त्यामुळे तिला किटोसिस (चरबी जास्त जळून रक्तात किटोन साचण्याचा आजार) तर नाही ना हेही एकदा तपासून घ्या. म्हणून मी पुढे सांगतोय ते अस्तर बऱ्यापैकी आहे आणि ताप नाही असं धरून.

शंका असेल तेव्हा मी कोठीपोटातलं पाणी काढून बघतो. ही तपासणी तुमच्या डॉक्टरांकडून जरूर करून घ्या, गोठ्यातच पंधरा-वीस मिनिटांत होते. तोंडातून नळी घालून पेलाभर पाणी काढायचं. सुरुवातीला लाळ येते ती फेकून द्यायची. निरोगी गायीचं पाणी हिरवट-तपकिरी, किंचित दाट, वास उग्र पण ओल्या चाऱ्याचा. काचेच्या नळीत उभं धरलं की बारीक काड्या आधी तळाशी बसतात, मग खालून बुडबुडे सुटतात आणि चार ते आठ मिनिटांत त्या काड्या वर येऊन तरंगतात. आत कामं चालू असल्याची ती खूण. आम्लाच्या आजारात हेच पाणी दुधाळ करडं आणि आंबट वासाचं निघतं, आणि नळीत काही हलत नाही.

दुसरी चाचणी निळ्या रंगाची. २० मिलिलिटर पाण्यात मेथिलीन ब्लूच्या अगदी सौम्य द्रावणाचं एक मिलिलिटर घालायचं. जिवाणू जोमात असतील तर निळा रंग तीन ते सहा मिनिटांत उडतो. दिंडोरीकडच्या एका गोठ्यात लग्नातला उरलेला भात खाल्लेली गाय होती. जीव वाचला, नवव्या दिवशी मी पाणी काढलं. गोठ्याच्या पत्र्यातून ऊन येत होतं त्यात नळी धरून आम्ही तिघं उभे होतो, मी, मालक आणि त्यांचा शाळेत जाणारा मुलगा. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली, निळं ते निळंच. शेजारच्या दावणीच्या गायीचं पाणी काढून दुसऱ्या नळीत घातलं, तर चौथ्या मिनिटाला वरचा पातळ थर सोडून सगळा रंग गेला. मुलगा म्हणाला, "काका, हिच्या पोटात कोणीच नाहीये." याहून नेमकं निदान मी ऐकलेलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर एकही हलणारा जीव नव्हता.

तिला आम्ही शेजारच्या गायीचं पाणी दिलं. सलग तीन दिवस, रोज सुमारे चार लिटर, मलमलच्या कापडातून गाळून, कोमट असतानाच, नळीने. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिने रवंथ धरला. देणारी गाय निरोगी हवी, संसर्गजन्य गर्भपाताची म्हणजे ब्रुसेलाची तपासणी झालेली असली तर उत्तम, आणि तिच्या पोटातून निघाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पाणी दुसरीच्या पोटात गेलं पाहिजे, कारण मघाशी सांगितलेली हवा. हे काम डॉक्टरांनीच करायचं. नळी श्वासनलिकेत गेली तर गाय हातची जाते, आणि बाटलीने पाजलेलंही तिथेच जाऊ शकतं, म्हणून तसा प्रयत्न अजिबात करू नका. तुमच्या गोठ्यात आणखी तीन गायी आहेत, त्याच चाऱ्यावर वाढलेल्या. देणारी शोधायला लांब जायचं कारण नाही.

आता ताक. कोठीपोटात लॅक्टिक आम्ल साचलेलं असताना ताक पाजणं म्हणजे आगीत तेल, कारण ताकात लॅक्टिक आम्ल आणि ते बनवणारे जिवाणूच असतात. पहिल्या दिवशी ताक पाजलेल्या गायी मी पाहिल्यात, पाजणाऱ्याचा हेतू चांगला असतो पण आम्लात आम्ल मिळतं. आज बाराव्या दिवशी लिटरभर ताकाने नुकसान होणार नाही, पण १०० लिटरच्या टाकीत ते जिवाणू वस्ती करून राहत नाहीत, वाहून जातात. माणसाला ताक मानवतं, म्हणून रवंथ करणाऱ्या जनावरालाही मानवेल असं होत नाही. दोघांच्या पोटांची रचनाच वेगळी.

पावडरीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे तिथे जाणार आहेत. तंतू तोडणारे खरे जिवाणू हवेत जगत नाहीत, त्यामुळे तुम्हाला दाखवलेल्या डब्यात ते नसणार हे जवळजवळ नक्की. डब्यात बहुधा लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस आणि यीस्ट असतं. यातलं जिवंत यीस्ट मोठ्या जनावरात मला कामाचं वाटतं. ते आत शिरलेला थोडाफार प्राणवायू संपवतं आणि लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंना जोर देतं. फायदा होतो, पण बेताचा, आणि चारा चुकीचा असेल तर तोही दिसत नाही. घ्यायचंच असेल तर डब्यावर जिवंत पेशींची संख्या आणि मुदत लिहिलेली आहे का ते बघा, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याच्या दुकानातला डबा उचलू नका. माझा क्रम विचाराल तर आधी चारा, मग दुसऱ्या गायीचं पाणी, मग यीस्ट.

चाऱ्यात पुढचे तीन आठवडे असं करा. भरडा पूर्ण बंद. सकाळी पहिला घास कोरड्या कडब्याचा किंवा वाळल्या गवताचा, दिवसभरात चार-पाच किलो तरी, आणि कुट्टी फार बारीक नको. यंत्राची पाती जवळ लावून भुग्यासारखी कुट्टी करायची सवय आपल्याकडे वाढलीय. जनावर वाया घालवत नाही हे खरं, पण तो भुगा पोटात टोचत नाही आणि टोचल्याशिवाय रवंथ होत नाही. इंच-दीड इंचाचा तुकडा ठेवा. रवंथ झाला की लाळ सुटते. मोठी गाय दिवसाला १०० लिटरच्या वर लाळ गिळते, आणि त्या लाळेत नैसर्गिक सोडा असतो. तुम्ही दुकानातून आणाल त्या सोड्यापेक्षा हा कितीतरी जास्त आणि दिवसभर अखंड मिळणारा. कमी रवंथ म्हणजे कमी लाळ, म्हणजे आम्ल पुन्हा वर, म्हणजे पुन्हा कमी रवंथ. तुमची गाय आज या चक्रात अडकलीय. शेण एक दिवस पातळ आणि एक दिवस घट्ट यामागेही मला हेच दिसतं.

हिरवा मका किंवा नेपियर १५ ते २० किलो चालेल. मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) स्वतःच आंबट असतो, तो आठवडाभर थांबवून मग दोन-दोन किलोने वाढवा. आंबोणात गव्हाचा भुसा, सरकी पेंड, थोडी हरभरा चुणी असं तीन किलोपासून धरा, तेही तीन वेळा विभागून आणि दर वेळी चारा खाऊन झाल्यावर. वाढवायचं तेव्हा दर तीन दिवसांनी अर्धा किलोच वाढवा. दूध चढलं म्हणून उत्साहाने एकदम दोन किलो वाढवलं तर बारा दिवसांपूर्वीच्या ठिकाणी परत जाल. खाण्याचा सोडा रोज १०० ग्रॅम, दोन वेळा विभागून आंबोणातून, तीन आठवडे. खनिज मिश्रण ५० ग्रॅम, मीठ चिमूटभर न टाकता ३० ग्रॅम मोजून. ब जीवनसत्त्वांची, विशेषतः बी-१ ची इंजेक्शनं डॉक्टरांना विचारून पूर्ण करा, कारण आम्लाच्या आजारात पोटातलं बी-१ नासतं.

तीन आठवडे का, असं तुम्ही विचाराल. नव्या चाऱ्यावर जगणारे जिवाणू संख्येने पुरेसे व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, मग तो बदल दाण्याचा असो की चाऱ्याचा. पावसाळ्याच्या सुरुवातीला सुका कडबा सोडून एकदम लुसलुशीत हिरव्यावर जनावर सोडलं की हगवण लागते, ती याच कारणाने.

या वस्तीत कोण आहे यावर किती अवलंबून असतं, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण सुबाभळीचं. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचं विष असतं. ऑस्ट्रेलियात तो पाला खाऊन गायींचे केस गळत, गलगंडासारखी गाठ येत असे. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं. १९८० च्या दशकात त्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले गेले आणि त्यांनाही पाला पचायला लागला. फरक शेळीत नव्हता, तिच्या पोटातल्या एका जिवाणूत होता. त्या जिवाणूला पुढे जोन्स यांचंच नाव दिलं, सिनर्जिस्टिस जोन्सी. तुमच्या शेजारच्या दावणीच्या गायीचं पाणी द्यायचं म्हणतो, ते याच वाटेवरचं काम आहे.

पण हे जीव कायम आपल्या बाजूने असतात असं धरून चालू नका. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात कांदा साठवायच्या चाळीतला सडका कांदा निवडून गुरांपुढे टाकायची पद्धत आहे, लासलगाव-निफाड पट्ट्यात तर घरोघरी. कांद्यातल्या गंधकाच्या पदार्थांपासून तांबड्या पेशी फोडणारे घटक तयार होतात, आणि ते तयार करण्यात कोठीपोटातल्या जिवाणूंचाही हात असतो. तीन-चार दिवस भरपूर कांदा खाल्लेली गाय कॉफीच्या रंगाची लघवी करते, डोळ्याच्या आतली कड पांढरी पडते, तोंडाला कांद्याचा वास येतो. तुम्ही येवल्याचे, चाळ तुमच्याकडेही असणार. या गायीला पुढचे दोन महिने कांदा अजिबात नको.

तुम्ही शेवटी वासराचंही विचारलंय, की गोठ्यातल्या दीड महिन्याच्या वासराला हीच पावडर द्यावी का. वासराचं कोठीपोट अजून नावापुरतं आहे. दूध ओढताना एक पन्हळ मिटते आणि दूध थेट खऱ्या पोटात जातं. त्यामुळे वासराच्या आतड्यात लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू मोठ्या गायीपेक्षा जास्त कामाला येऊ शकतात, हगवण होऊन गेलेली असेल तर देऊन बघायला हरकत नाही. त्याच्या कोठीपोटासाठी मात्र औषध एकच: काफ स्टार्टर (वासरांचा सुरुवातीचा दाणा) मूठभर पुढ्यात, थोडं वाळलं गवत आणि स्वच्छ पाणी. दाणा आंबून जे ब्युटिरिक आम्ल होतं त्याने अस्तराला केसाळ उंचवटे फुटतात. आईने चाटलेलं, तिच्या गव्हाणीत तोंड घातलेलं वासरू तिथलेच जीव घेऊन मोठं होतं, त्याला सारखं हाकलू नका. जुलाब लागले की आधी मीठ-ग्लुकोजचं पाणी वारंवार पाजा आणि डॉक्टरांना दाखवा. दुकानातून अँटिबायोटिक आणून पाजणं वासरातही नको. कोलिस्टिन नावाचं औषध पोल्ट्रीत आणि जनावरांत असंच सर्रास वापरलं जायचं. माणसाच्या गंभीर आजारातलं ते शेवटच्या फळीतलं औषध, म्हणून २०१९ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने दुधा-मांसाच्या जनावरांत त्याचा वापर बंद केला.

थोडक्यात आजपासूनचं: गोळ्या बंद, भरडा बंद, लांब तंतूचा सुका चारा पहिला, आंबोण विभागून, सोडा मोजून, आणि या आठवड्यात डॉक्टरांकडून कोठीपोटाचं पाणी तपासून घेणं. रंग उडत नसेल तर शेजारच्या गायीचं पाणी द्यायचं त्यांच्याशी ठरवा. ताप १०३ च्या वर गेला, खाणं पुन्हा सुटलं, शेणात रक्त किंवा पांढरट पापुद्रे दिसले, किंवा पाय जपून टाकायला लागली, तर माझ्या उत्तराची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

आणि एक काम तुमच्याकडून हवंय. आज रात्री नऊ-दहाच्या सुमारास, गोठा शांत झाला की गायीजवळ दहा मिनिटं बसा. घास वर आला की तो परत गिळेपर्यंत ती किती वेळा चावते ते मोजा, चार-पाच घासांचं. निरोगी गाय पन्नास-साठ वेळा चावते. तुमच्या गायीचा आकडा, उद्याची फॅट आणि शेणाचा एक फोटो मला पाठवा, मग आंबोण कधीपासून वाढवायचं ते ठरवू.